एका मडक्यात एक नाग : साप एकत्र ठेवावेत का, या प्रश्नामागचा इतिहास

मोबाइलवरच्या व्हिडिओंनी बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक ही नावं सांगली-कराडपर्यंत आणून सोडली आहेत. त्यांच्यामागोमाग एक प्रश्नही आला आहे : दोन साप एकाच पेटीत ठेवले तर चालतात का? प्रश्न परदेशी पाळीव सापांच्या बाजारातला वाटतो. पण ताब्यातला साप कशात आणि कसा ठेवायचा, हे ज्यांना प्रत्यक्ष ठरवावं लागत होतं अशी माणसं सांगली आणि सातारा जिल्ह्यांत फार आधीपासून होती.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. तिथली जिवंत नागाची पूजा गोरक्षनाथांच्या कथेशी जोडलेली आहे. भिक्षेला आलेल्या गोरक्षनाथांना थांबावं लागलं, कारण घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. तेव्हा जिवंत नागाची पूजा करशील का, असं त्यांनी तिला विचारलं, अशी ती कथा. पुढे ही पूजा गावाची झाली. पंचमीच्या आधी काही दिवस नागमंडळांची माणसं शेतांचे बांध, ओढ्यांचे काठ पालथे घालायची. सापडलेला नाग मडक्यात जायचा, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं जायचं, आणि पंचमी झाली की नाग परत रानात सोडला जायचा. एका मडक्यात एक नाग, अशी रीत.

या रीतीमागे भूतदया शोधायची गरज नाही, कारण रोकडी आहेत. नाग उंदीर-बेडूक खातो तसा दुसरा सापही खातो. मण्यार तर त्यात पुढेच, तिला स्वतःच्या जातीचा सापही वर्ज्य नाही. दुसरं कारण पकडणाऱ्याच्या हाताचं. फडकं सोडताना आत डोकं कुठे आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. एकाच सापाचा अंदाज घेता येतो. दोन असतील तर एकाकडे बघताना दुसरा सुटतो. गारुड्याच्या टोपलीतही नाग एकटाच वेटोळं घालून असे, तेही याच हिशोबाने. सर्पमित्रांच्या पिशव्या आणि बरण्यांना आजही हाच नियम लागू आहे. एका दिवशी दोन घरांतून फोन आले तर दोन पिशव्या. धामण आणि नाग एका पिशवीत टाकणारा माणूस या कामात नवखा समजावा.

मडकं अंधारं, गार आणि अंगासरशी असल्याने घाबरलेला साप त्यात लवकर शांत होतो, हे खरं. म्हणून ते सापाच्या सोयीसाठी होतं असं मात्र नाही. मडक्यातून काढलेल्या नागाला मिरवणुकीत गर्दीसमोर फणा काढायला लावत, कोणाचा नाग उंच फणा काढतो याच्या चढाओढी लागत. ते सगळं सापाला मानवत होतं असं कोणी म्हणू नये.

मग साप एकत्र ठेवण्याची पद्धत आली कुठून? बघणाऱ्यांकडून. 1849 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी घर उभं राहिलं. जगातलं हे अशा प्रकारचं पहिलं घर. तिकीट काढून आलेल्या माणसाला काचेमागे काहीतरी दिसायला हवं, आणि एकटा साप बहुतेक वेळ दगडाखाली दडून बसतो. चार साप ठेवले तर निदान एखादं शेपूट तरी दिसतं. त्याच घरात 19 व्या शतकाच्या अखेरीस एका बोआने (अजगरासारखा मोठा, बिनविषारी अमेरिकी साप) रात्रीतून आपल्या सोबत्यालाच गिळलं. दोघांसाठी कबुतरं टाकली होती. एकाच कबुतराला दोन तोंडं लागली, आणि ज्याचा जबडा पुढे सरकत राहिला त्याने समोरच्या सापासकट भक्ष्य आत घेतलं, अशी त्या घटनेची उकल केली जाते. यात वैर नव्हतं. सापाचे दात मागे वळलेले असतात. एकदा गिळायला लागला की सोडून देणं त्याला जड जातं. साप पाळणारे एका पेटीत दोघांना खाऊ घालायला आजही घाबरतात ते याच कारणाने.

पुढची पायरी उघड्या खड्ड्यांची. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला 1901 मध्ये सुरू झालेल्या बुटांटान संस्थेत विषासाठी आणलेले साप भिंतीने वेढलेल्या आवारात, घुमटीसारख्या छोट्या घरांत ठेवत. भारतात सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी उभारलेलं मद्रासचं सर्पोद्यान 1970 च्या दशकात लोकप्रिय झालं आणि उघड्या खड्ड्यात डोकावून साप बघण्याची सवय आपल्याकडेही रुजली. पुण्यात सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत 72 तास काढले. डिवचलं नाही तर साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं आणि ते दिसलंही. 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झालं. सातारा-सांगलीतल्या कित्येक शाळांच्या सहलींनी साप पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. त्या पिढीच्या मनात एक चित्र पक्कं बसलं : साप म्हणजे एकत्र पडलेला घोळका. सापांची भीती कमी करायला या चित्राचा उपयोग झाला, पण साप कसा राहतो याबद्दल त्याने काही शिकवलं नाही.

गैरसमजाची दुसरी वाट शेतातून जाते. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या की ‘जुगण लागलंय’, म्हणजे नर-मादीची जोडी जुळली, म्हणून गावभर बातमी होते. कोणी पांढरं कापड टाकायला धावतं, ते कापड घरात ठेवलं की भरभराट होते म्हणे. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा दोन नर असतात आणि कुस्ती चाललेली असते. एकमेकांचं डोकं जमिनीला टेकवायचा प्रयत्न असतो. हरलेला नर निघून जातो. शिवारात निघून जायला जागा असते, तीन फुटी पेटीत नसते.

पाळीव सापांच्या जगात साप वेगवेगळे ठेवण्याची शिस्त आली ती व्यापारातून. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिनमधून बॉल पायथन हजारोंनी अमेरिकेत जात होते. 1992 मध्ये सापांची पैदास करणारे बॉब क्लार्क यांनी पांढरा-पिवळा अल्बिनो बॉल पायथन बंदिवासात पैदा केला आणि रंगांच्या नव्या नव्या जातींची शर्यत लागली. कोणत्या मादीला कोणता नर लावला, कोणी खाल्लं, कोणी खाल्लं नाही, याची नोंद ठेवायची तर प्रत्येक साप सुटा हवा. त्यातून प्लॅस्टिकच्या डब्यांच्या मांडण्या आल्या. कपाटातल्या कप्प्यांसारखे डबे, एकात एक साप, मागे तापणारी पट्टी. साप एकटा ठेवावा हा सल्ला बरोबर होता, पण तो इतक्या जोरात पसरला त्याचं कारण नफा हे होतं, हे विसरून चालणार नाही. त्या डब्यात साप एकटा असतो, पण सरळ पसरू शकत नाही. जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड वॉरविक आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की जागा मिळाली तर साप अंग सरळ ताणतात, म्हणून पेटी निदान सापाच्या लांबीएवढी तरी हवी.

आजारांनीही सुट्या पेटीची बाजू बळकट केली. बोआ आणि अजगर वर्गातल्या सापांमध्ये पेशींत गाठोडी साठवणारा एक जीवघेणा रोग 1970 च्या दशकापासून माहीत होता. त्यामागे एरिनाव्हायरस असल्याचा पुरावा 2012 मध्ये मिळाला. बोआ हा विषाणू वरून ठणठणीत दिसत बाळगू शकतो, अजगर मात्र लवकर मरतो. दोघांना शेजारी ठेवणं म्हणजे अजगराच्या जिवाशी खेळ. गोचिडांसारखे बारीक किडे, आतड्यातले परजीवी यांचीही हीच गत. शिवाय पेटीत उलटी किंवा पातळ विष्ठा दिसली तर ती कोणाची, हे दोन साप असताना सांगता येत नाही आणि उपचाराचे दिवस वाया जातात.

‘पण माझे दोघे एकमेकांना बिलगून झोपतात’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. पेटीत ऊबदार आणि आडोशाची जागा एकच असेल तर दोघेही तिथेच जाणार. एसटीच्या एका सीटवर तिघं बसले म्हणून ते नातलग ठरत नाहीत. अशा जोडीत एक जण हळूहळू खाणं सोडतो आणि मालकाला ते महिन्यांनी कळतं.

तरीही ‘साप एकलकोंडा’ हे सरसकट विधान आता टिकत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे गार्टर साप हजारोंच्या संख्येने एकाच बिळांत थंडी काढतात. 2020 मध्ये मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं की हे साप गट करतात आणि ठरावीक सोबत्यांकडे पुन्हा पुन्हा जातात. अमेरिकेतल्या टिंबर रॅटलस्नेकच्या गाभण माद्या अनोळखी मादीपेक्षा नात्यातल्या मादीजवळ थांबतात, असं 2012 च्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे या सगळ्या चर्चेला कायद्याचं कुंपण आहे, आणि तेच आधी बघायला हवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच आहे. त्यामुळे नाग, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी काहीही घरी ठेवता येत नाही, एकटं नाही आणि जोडीनेही नाही. पैशाच्या लोभाने डब्यात कोंडलेल्या मांडुळांच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रात अधूनमधून येतातच. शिराळ्याच्या प्रथेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची मिरवणूक आणि स्पर्धा थांबल्या, पूजा प्रतिमेची होऊ लागली. 2025 मध्ये केंद्राने 21 नाग पकडायला परवानगी दिली, पण ती शिक्षणाच्या आणि पारंपरिक ज्ञान पुढे पोचवण्याच्या नावाने.

परदेशी सापांचं प्रकरण वेगळं आहे. 2020 मध्ये केंद्राने अशा प्राण्यांची माहिती स्वतःहून जाहीर करण्याची मुभा दिली. 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम आल्यावर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (CITES) यादीतल्या प्राण्यांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. बॉल पायथन त्या यादीत येतो, कॉर्न स्नेक येत नाही.

सांगली-कराडपर्यंत नाव पोचलेले हे दोन्ही साप गार्टर नव्हेत, आणि त्यांना सोबत हवी असते असा पुरावा कोणी दिलेला नाही. म्हणून कागदपत्रं जागेवर असलेल्या माणसाने प्रत्येकाला वेगळी, अंग ताणता येईल इतकी लांब पेटी द्यावी. नवा साप आणला तर पहिले काही महिने तो वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची कामं नेहमी शेवटी, जुन्या सापांचं आटोपल्यावर करावीत.