जुनी गाडी दुरुस्त करायची की काढायची? आकड्याआधी आरसीवरची तारीख बघा

गॅरेजवाल्याने कागदाच्या चिठोऱ्यावर हिशेब लिहून दिलेला असतो: क्लच प्लेट, पुढचं सस्पेन्शन, चार टायर, दाराखालचं डेंटिंग, सगळं मिळून साठ हजार. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, एवढे पैसे घालून गाडी म्हातारीच राहणार. दुसरा म्हणतो, इंजिन अजून ठणठणीत आहे, उगाच हप्ते कशाला मागे लावून घ्यायचे? या सगळ्यात आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मात्र कपाटातच पडून असते. आधी ती बाहेर काढा. सांगली-मिरजेत २०१०-११ च्या सुमारास घेतलेल्या छोट्या गाड्या अजून पुष्कळ फिरतात, आणि त्यांचं पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, याच काळात संपतंय किंवा संपून गेलंय. ती तारीख कळल्याशिवाय साठ हजार जास्त की कमी, हे ठरवताच येत नाही.

आधी एक अफवा बाजूला करू. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते’ हे आपल्याकडे खरं नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती आहे. एमएच-१० च्या, म्हणजे सांगलीच्या खासगी गाडीला ती लागू होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीत पास झाली की पाच वर्षं वाढवून मिळतात, पुढच्या वेळी पुन्हा पाच. अशी किती वेळा वाढवायची याला मर्यादा नाही; गाडी पास व्हायला हवी एवढंच. आपण ज्याला रीपासिंग म्हणतो ते हेच, आणि कागदोपत्री त्याचं नाव ‘नोंदणीचे नूतनीकरण’. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या गाड्यांचं फिटनेस प्रकरण वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

अर्ज कोणाला करता येतो

आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला. ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मी कामं इथेच अडतात. गाडी वडिलांच्या नावावर असते, वडील जाऊन चार वर्षं झालेली असतात आणि गाडी मुलगा चालवतो. अशा वेळी रीपासिंगच्या आधी नाव बदलावं लागतं. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची संमती लागते. बहिणीची सही परगावाहून आणायची असेल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.

दुसरी अडचण बोज्याची. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव तसंच राहिलेलं असतं. बँकेकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवून टाका. नूतनीकरणाला नाही अडलं तरी विकताना किंवा स्क्रॅप करताना ते अडणारच.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागातली. जत, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात केए पाटीच्या गाड्या कमी नाहीत. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कर्नाटकातल्या मूळ कार्यालयाची एनओसी (फॉर्म २८) आणून फॉर्म २७ ने इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली असेल, तर दुरुस्तीच्या हिशेबात हाही खर्च धरा. पुण्याहून आणलेल्या एमएच-१२ च्या गाडीचं प्रकरण राज्यातल्या राज्यातलं असल्याने तुलनेने सोपं असतं. फॉर्म ३३ ने पत्ता बदलून घेतला की पुढचं काम सुरळीत होतं.

अर्ज, कागद आणि फी

मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो, फॉर्म २५ वर. परिवहन विभागाच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की सुरुवात होते. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. पंधरा वर्षांपूर्वी गाडी घेताना शोरूमवाल्याने कुणाचा नंबर टाकला होता कोण जाणे, म्हणून आधी तो दुरुस्त करून घ्या.

कागदांत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), पॅन (नसेल तर फॉर्म ६०), पत्त्याचा पुरावा, कर भरल्याची पावती आणि चासी-इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ ने दुय्यम प्रत घ्यावी लागते. थकीत ई-चलन असेल तर भरून टाका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षेची नंबरपाटी) बसवलेली नसेल तर तीही आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओतलं काम तिथेच थांबेल. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी केल्याचा दाखला हवा. किट कुठल्या तरी गल्लीत बसवून घेतलं आणि आरसीवर चढवलंच नाही, अशा गाड्या सर्रास दिसतात. त्या तपासणीला नेऊन उपयोग नाही.

पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलला आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची फी १०,००० झाली. दुचाकीला हेच आकडे १,००० आणि २,००० असे आहेत. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, आणि त्याचा दर पेट्रोल-डिझेलप्रमाणे वेगळा असतो. मुदत उलटली तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. गाडी दारात झाकून ठेवली होती, हे कारण सांगून ते माफ होत नाहीत.

मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढणं मात्र त्याहून महागात पडतं. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, पण खरा धोका विम्याचा. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विमा कंपनीने दावा नाकारणं योग्य ठरवलं. हप्ता भरलाय म्हणून विमा आहेच, या समजुतीत राहू नका.

तपासणीत नेमकं काय बघतात

दुरुस्तीचा निर्णय खरा इथे होतो. मोटार वाहन निरीक्षक इंजिनाचं अ‍ॅव्हरेज विचारत नाही. तो हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट, टायरची नक्षी, ब्रेक, हँडब्रेक आणि सायलेन्सर बघतो. गाडीत मूळ रचनेपेक्षा काही बदल केलाय का बघतो. आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहतो. त्या साठ हजारांच्या चिठोऱ्यातले टायर आणि ब्रेक आधी करावे लागतील, रंगकाम मागे ठेवता येईल. गॅरेजवाल्याकडून एकरकमी आकडा घेऊ नका. पासिंगला लागणारं काम आणि नंतर चालेल असं काम, अशा दोन याद्या वेगळ्या मागा. बऱ्याचदा पहिली यादी निम्म्याहूनही कमी निघते.

पेन्सिल प्रिंट मात्र स्वतः उभं राहून काढून घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत चासी नंबर बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली, मॅटच्या आत. मेकॅनिक आधी चिंधीला रॉकेल किंवा थिनर लावून ती जागा पुसतो, त्यावर पातळ कागद धरतो आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासतो. चांगल्या गाडीत सगळे अंक-अक्षरं एका दमात पांढरी उमटतात. जिथे अक्षराच्या जागी नुसता खरबरीत डाग येतो, तिथे पत्रा गंजलाय. तेव्हा बाकी सगळी कामं थांबवा. नंबर वाचताच येत नसेल तर आरटीओच्या परवानगीनेच तो पुन्हा ठोकून घ्यावा लागतो. परस्पर ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय.

सांगलीत हे जास्त जपायला हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. त्यांतल्या अनेक गाड्या धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात आल्या. पुराच्या पाण्याचा गाळ दाराच्या पोकळीत आणि फ्लोअरच्या सांध्यात बसतो आणि पत्रा आतून कुजवतो. वरून रंग चकचकीत असतो. मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबून बघा, खालून जॅकच्या जागा बघा. तिथे बोट आत जात असेल तर माझ्या मते विषय संपला. तशा गाडीवर पाच हजारांची फीसुद्धा घालवू नये. इंजिन काढून बोअर करता येतं, क्लच बदलता येतो. कुजलेला सांगाडा मात्र वेल्डिंगने तात्पुरताच उभा राहतो.

इंजिनाची पहिली परीक्षा पीयूसीच करते. धूर मर्यादेबाहेर गेला तर इंजिनकाम टाळता येणार नाही हे शंभर-दीडशे रुपयांत कळतं. जुन्या गाड्यांत बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांवर बनलेल्या, गाड्याही असतात. त्यांची पीयूसी सहाच महिने चालते, ती तपासणीच्या दिवशी चालू आहे ना ते पाहा. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प असतो, पण रीपासिंगची तपासणी तिथे होणार का हे आधी विचारून मगच गाडी काढा.

मग हिशेब कसा मांडायचा

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडायची सवय आपल्याला लागलीय. ‘गाडी विकली तर सत्तर येतात, तिला साठ कशाला घालायचे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण गाडी विकायची नाही, चालवायची आहे. ताडायचं ते पुढच्या पाच वर्षांशी. समजा दुरुस्तीचे साठ हजार आणि फी, पर्यावरण कर, पाटी वगैरे धरून पंधरा हजार. पंचाहत्तर हजार भागिले साठ महिने, म्हणजे महिना १,२५०. पुढे वर्षाला आणखी वीस हजारांची किरकोळ कामं निघाली असं धरलं तरी महिना तीन हजारांच्या आत बसतं. याउलट नव्या गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर नुसता हप्ताच सुमारे १०,४०० येतो, विमा वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे फरक थोडा कमी झालाय, पण मिटलेला नाही.

तरीही बदलावी, अशी परिस्थिती असते. रोज कोल्हापूर-सांगली ये-जा असेल, घरात आजारी माणूस असेल आणि रात्री-अपरात्री गाडी सुरू व्हायलाच हवी, किंवा एअरबॅग नसलेल्या गाडीतून लहान मुलं महामार्गावरून न्यायची असतील, तर महिना तीन हजारांचं गणित बाजूला ठेवा. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर, तेही गावातल्या गावात आणि तासगावपर्यंत, एवढाच वापर असेल तर पत्रा धड असलेली गाडी काढण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

काढायचीच ठरली तर

भंगारवाला रोख पैसे देतो, घरी येऊन गाडी ओढून नेतो आणि आरसी ‘राहू दे तुमच्याकडे’ म्हणतो. असा सौदा करू नका. नोंदणी तुमच्या नावावर जिवंत राहते, आणि त्या चासी नंबरवर दुसरी गाडी फिरली तर पोलीस तुमच्याच दारात येतात. गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिथे गाडी चोरीची नाही ना, गुन्ह्यात अडकलेली नाही ना, तिच्यावर बोजा किंवा थकबाकी नाही ना, हे तपासून मगच ती घेतात. मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन आणि रद्द केलेला धनादेश लागतो. गाडी जमा झाली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि गाडी तोडल्यावर स्क्रॅप झाल्याचं प्रमाणपत्र. नोंदणी रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत आरसीची झेरॉक्स जपून ठेवा.

ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. रस्ता करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची मुभा केंद्राच्या नियमात आहे. प्रत्यक्ष टक्का आणि अटी राज्य ठरवतं. म्हणून जुनी गाडी सोडण्याआधी डीलरकडून कोटेशनमध्ये ती सूट रुपयांत लिहून घ्या. ‘मिळेल की साहेब’ एवढ्यावर किल्ली देऊ नका. तुम्हाला नवी गाडी घ्यायचीच नसेल तर ते प्रमाणपत्र ऑनलाइन दुसऱ्याच्या नावावर करून देता येतं.

चालती गाडी ओळखीतल्या कुणाला विकणार असाल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसते कोरे देऊ नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. ऑनलाइन अर्जाची पावती तुमच्या हातात आली की मगच उरलेले पैसे आणि दुसरी चावी यांची देवाणघेवाण करा.