उंदीर मरेपर्यंत नशाच करतो?
अमली पदार्थ देणारा खटका दाबत राहून उंदीर खाणंपिणं विसरतो आणि मरतो, ही गोष्ट व्यसनमुक्तीच्या भाषणांत हमखास ऐकू येते. पूर्ण खोटी नाही, पण अर्धवट आहे. ही गोष्ट ज्या जुन्या प्रयोगांतून आली, त्यांत उंदीर पिंजऱ्यात एकटा असे. दुसरं करणार तरी काय बिचारा?

संशोधक मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खटके दोन होते. एक दाबला की मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ नळीतून थेट शिरेत, दुसरा दाबला की दार उघडून पलीकडचा उंदीर भेटीला. नशेला सरावलेल्या उंदरांनीही बहुतेक वेळा दारच उघडलं. मात्र भेटीला फार उशीर होऊ लागला किंवा त्या खटक्यासोबत विजेचा झटका बसू लागला, की स्वारी पुन्हा नशेकडे.