तंगूस नेमका कुठे तुटतो? – गाठ बांधण्याविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे कार्प कुळातील मासे पकडण्यासाठी आमच्या दुकानातून रॉड, रीळ आणि तंगूस (गळ बांधायचा नायलॉनचा दोरा) नेणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार वारंवार येते. मासा लागला, त्याने जोराची धाव घेतली आणि तंगूस तुटून मासा गळासकट गेला, त्या अर्थी तंगूसच कच्चा होता, असे त्यांचे म्हणणे असते. हातातोंडाशी आलेला मासा गेल्याचे दुःख आम्ही जाणतो, म्हणून अशी प्रत्येक तक्रार आम्ही तुटलेले टोक समोर ठेवून तपासतो. ही टोके पाहून आमचे असे ठाम मत झाले आहे की, बहुतेक वेळा दोष तंगुसात नसतो, तो गळाच्या डोळ्याशी, म्हणजे तंगूस ओवायच्या छिद्राशी, बांधलेल्या गाठीत असतो. आणि ती गाठही चुकीची नसते, ती कोरडी आवळलेली असते. एवढी एक सवय बदलली तर आपला आणि आमचा पुष्कळ वेळ वाचेल, यासाठी हे पत्रक काढले आहे.

माशाने तंगूस दातांनी कातरला, अशी समजूत अनेकांची असते. मरळ किंवा शिवडा पकडताना दातांची काळजी रास्त आहे, परंतु कार्प कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात. त्यांचे दात घशात, कल्ल्यांच्या मागच्या बाजूला असतात आणि गिळलेले दाणे किंवा गोगलगाई भरडण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. गळ ओठात रुतला असेल तर तंगूस त्या दातांपर्यंत पोहोचतच नाही. गळ खोल गिळला गेला असेल तरच ती शक्यता उरते, आणि रॉड सोडून सावलीत जाऊन न बसता त्याच्या टोकाकडे लक्ष ठेवले तर तसे सहसा होत नाही.

म्हणून मासा सुटला की घाईने दुसरा गळ बांधू नका. आधी हातात उरलेले टोक उजेडात धरून पाहा. टोक स्प्रिंगसारखे बारीक वेटोळे झालेले असेल तर तंगूस तुटलेलाच नाही, गाठ सरकून सुटली आहे. टोकाच्या वरचा वीतभर भाग नखाला खरखरीत लागत असेल आणि पांढुरका दिसत असेल तर तो दगडावर घासला आहे. उजनीसारख्या जलाशयात पाण्याखाली गेलेली घरे, भिंती आणि काळ्या खडकाच्या धारा असल्याने तिथे हे नेहमीचे आहे. तो भाग कापून टाकावा, त्यात वाचवण्यासारखे काही राहिलेले नसते. टोक आखूड तुटलेले असेल, शेवटचा अर्धा इंच बारीक लाटा उमटल्यासारखा वाकडातिकडा असेल आणि त्याची चमक गेलेली असेल, तर गाठ कोरडी आवळली होती असे खुशाल समजावे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच खूण सर्वांत जास्त दिसते.

याचे कारण असे आहे. गाठ आवळताना तंगुसाचे वेढे एकमेकांवर दाबून सरकतात. ते कोरडे असतील तर घर्षणाने त्या जागी उष्णता निर्माण होते, नायलॉनचा वरचा थर सोलवटतो आणि दोन बोटांत मावणाऱ्या त्या तुकड्याची ताकद आवळतानाच कमी होते. बाकीचा शंभर मीटर तंगूस उत्तम असला तरी मासा ताण देतो तेव्हा सर्वांत दुबळी जागाच आधी तुटते. त्यातच नायलॉन पाणी शोषतो आणि भिजल्यावर कोरड्यापेक्षा काहीसा दुबळा होतो, म्हणजे वेष्टनावर छापलेली ताकद प्रत्यक्ष पाण्यात पूर्ण मिळेल असे धरून चालता येत नाही. साधी एकपदरी गाठ तर तंगुसाची ताकद निम्म्यापर्यंत खाली आणते. रिळावरच्या तंगुसाला वाऱ्याने नकळत अशी गाठ पडली असेल तर ती सोडवत बसू नये, तिथून पुढचा तंगूस कापावा.

गळ बांधण्याची आम्ही सुचवतो ती पद्धत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असलेली क्लिंच गाठच आहे. गळाच्या डोळ्यातून वीतभर तंगूस ओवून घ्या, मोकळे टोक मुख्य तंगुसाभोवती पाच वेढे गुंडाळा, मग ते टोक डोळ्यालगतच्या छोट्या फासातून आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून बाहेर काढा. इथे थांबा. वेढे अजून सैल असतानाच ती सगळी जागा पाण्यात बुडवा. पुष्कळ जण थुंकीने ओली करतात. गाठीला ते चालते, पण आमिषाचे आणि धरणाच्या पाण्याचे हात लागलेला तंगूस तोंडात घालण्यापेक्षा पाण्याची वाटी जवळ ठेवलेली बरी. त्यानंतर मुख्य तंगूस एकाच सावकाश ओढीने आवळा, झटका देऊ नका. वेढे एकाशेजारी एक नीट बसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला तर गाठ कापून पुन्हा बांधा. गळ पकडीत धरून हाताने चांगला ताण देऊन पाहा आणि उरलेले टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवूनच कापा. दोन-तीन चांगले मासे निघाल्यावर किंवा गळ दगडात अडकून सुटल्यावर गाठ नव्याने बांधणे हितावह ठरते. काठावर बसून हे सगळे करायला मिनिटभरही लागत नाही.

गाठ चांगली असूनही तंगूस तुटत असेल तर रिळाचा ब्रेक पाहावा. मासा ओढू लागला की अनेक जण ब्रेक गच्च आवळतात, तेव्हा रीळ तंगूस सोडत नाही आणि सगळा भार पुन्हा गाठीवरच येतो. स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून पाहावे आणि तंगुसाच्या ताकदीच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश ओढीला रीळ फिरू लागेल असा ब्रेक घरीच लावून निघावे. सहा किलोच्या तंगुसाला दीड ते दोन किलो पुरेसे आहे. मोठा कटला पहिल्या धावेत तंगूस नेणारच. त्याला नेऊ द्यावा.

वेष्टन उघडलेला तंगूस आम्ही परत घेत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. यामागची आमची भूमिका अशी की, उन्हात पडलेला, गाडीच्या डिकीत तापलेला किंवा दगडावर घासलेला तंगूस वरवर नव्यासारखाच दिसतो, आणि तसा तंगूस पुन्हा फळीवर ठेवून दुसऱ्या ग्राहकाला विकणे आम्हाला मान्य नाही. मात्र नवा तंगूस गाठीपासून दूर, मध्येच आणि घासल्याची खूण नसताना तुटला असेल तर आम्ही तो आपल्यासमोर तपासतो. गल्ल्याजवळच्या गुळगुळीत नळीवर त्याचे काही वेढे घेऊन, म्हणजे कुठेही गाठ न मारता, आम्ही तो काट्याने ओढतो. तो छापील ताकदीच्या बराच आधी तुटला तर पूर्ण गुंडी बदलून देतो, त्यासाठी आपल्याला वाद घालावा लागत नाही.

तक्रारीनंतर पुष्कळ ग्राहक जाड तंगूस किंवा विणलेला ब्रेडेड दोरा मागतात. दोन्ही महाग असून आम्हाला त्यांत नफा अधिक मिळतो, तरीही कार्पसाठी आम्ही ते सहसा सुचवत नाही. जाड तंगुसाने फेक कमी पडते आणि नीट न आवळलेली गाठ जाड तंगुसातही कमजोरच राहते. ब्रेडेड दोरा ताणत नाही, त्यामुळे माशाचा झटका थेट त्याच्या मऊ ओठावर येतो आणि गळ ओठ फाडून निघतो. शिवाय तो गुळगुळीत असल्याने पाच वेढ्यांची क्लिंच गाठ त्यात सरकते. आपल्याकडील जलाशयांत साध्या रॉडवर 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा चांगला नायलॉन तंगूस बहुतेक माशांना पुरतो. एक हंगाम नियमित वापरल्यावर मात्र तो बदलावा. नवा तंगूस आमच्याकडून घेतल्यास रिळावर योग्य ताणाने भरून देण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही आणि रिळाच्या आतल्या बाजूस तारखेची चिठ्ठी लावून देतो, म्हणजे पुढच्या वर्षी आठवणीवर विसंबावे लागत नाही.

ज्यांची नजर किंवा बोटे बारीक कामाला साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही स्वतः ओल्या गाठीने बांधलेले गळ वीतभर तंगुसासह पाकिटात ठेवले आहेत. तंगुसाच्या टोकाला बांधलेल्या भिंगरीला (फिरत्या कडीला) अडकवले की काम झाले. कणकेचा किंवा पेंडीचा गोळा वापरणाऱ्यांसाठी साधे गळ आहेत, आणि मका किंवा हरभऱ्याचा दाणा लावणाऱ्यांसाठी हेअर रिगचे आहेत. या रिगमध्ये दाणा गळावर न टोचता त्याच्या मागे बारीक दोऱ्यावर ओवतात. इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी 1980 च्या सुमारास ही रचना पुढे आणली. सायप्रिनस आमिष चोखून थुंकतो, त्या वेळी उघडा राहिलेला गळ त्याच्या ओठात रुततो.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, ही कळकळीची विनंती. उजनीच्या भिगवणकडील उथळ पाण्यात रोहित आणि इतर अनेक पक्षी उतरतात, आणि पायात अडकलेला नायलॉन त्यांना काढता येत नाही. तुकडे खिशात घालून आमच्याकडे आणा, त्यांच्यासाठी दुकानात वेगळा डबा आहे. तक्रार असेल तर तुटलेले टोक न गुंडाळता कागदात सरळ ठेवून रिळासह आणावे. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, म्हणून गाठ शिकायची असल्यास आठवड्यातील इतर दिवशी दुपारी यावे; त्या वेळी आपल्याच गळावर आपल्याकडून बांधून घेऊ.