मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळा: पट आणि गुणवत्ता

मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळा म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिकेचं शिक्षण खातं चालवतं त्या पहिलीपासून सातवी-आठवीपर्यंतच्या मोफत शाळा, बोलताना कोणी मनपा शाळा म्हणतं, कोणी नुसतं म्युनिसिपालिटीची शाळा. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशी ८ माध्यमं आहेत. एकाच इमारतीत खाली मराठी शाळा क्र. १, वरच्या मजल्यावर हिंदी शाळा क्र. २, दुपारच्या पाळीत उर्दू, आणि प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, पट म्हणजे नाव नोंदलेली मुलं वेगळी, हे मुंबईत अगदी नेहमीचं चित्र आहे. म्हणून "त्या शाळेचा निकाल काय" असं विचारलं की आधी त्या बिल्डिंगमधली नेमकी कुठली शाळा ते विचारावं लागतं.

मुंबईत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यासाठीचा खास कायदा १९२० सालचा. आता सगळं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यावर चालतं, ज्याला सगळे आरटीई म्हणतात.

या शाळांत कोण शिकतं ते आधी बघायला हवं, कारण गुणवत्तेची सगळी चर्चा तिथूनच सुरू व्हायला पाहिजे आणि बहुतेक वेळा ती तिथून सुरू होत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यातले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते, मनपा शाळेत येणारी बहुतेक मुलं याच वस्त्यांमधली. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, नाका कामगार, फेरीवाले, बांधकामावरचे मजूर, जरीकाम आणि शिलाईच्या कारखान्यातले कारागीर अशा घरातली. वॉर्ड बदलला की पटही बदलतो. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर म्हणजे एम पूर्व वॉर्डात उर्दू आणि हिंदी माध्यमाला गर्दी, धारावीत तमिळ माध्यमाला अजून मुलं मिळतात, आणि गिरगाव, परळ, लालबाग इथे गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, मराठी कुटुंबं डोंबिवली-बदलापूर-विरारला सरकली, त्यामुळे तिथे मोठमोठ्या दगडी इमारती आहेत आणि वर्गात मुलं मोजकीच.

बऱ्याच मुलांच्या घरी शाळेत गेलेलं पहिलं माणूस म्हणजे ते मूलच असतं. हिंदी माध्यमात बसलेलं मूल घरी भोजपुरी किंवा अवधी बोलतं, मराठी माध्यमातही घरची बोली वेगळी असलेली मुलं असतात, म्हणजे पहिलीतलं पुस्तक हेच त्यांच्यासाठी नव्या भाषेचं पुस्तक असतं, घरी ते वाचून दाखवणारं कोणी नाही आणि ट्युशनला पैसे नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा पट वर्षभर हलत असतो. मे महिन्यात कुटुंब उत्तर प्रदेश-बिहारला गावी जातं ते शाळा उघडली तरी परत आलेलं नसतं, साइट संपली की मजुराचं बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर जातं, झोपडी तुटली की मूल ट्रान्झिट कॅम्पात जातं आणि शाळा मागे राहते. आरटीईमुळे दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून मनपा शाळा कोणाला परत पाठवू शकत नाही, वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावा लागतो, आणि तोही वयानुरूप, म्हणजे कधीच शाळेत न गेलेलं ९ वर्षांचं मूल थेट चौथीत बसतं. कायद्यातली ही तरतूद अतिशय योग्य आहे, त्या मुलाला पहिलीच्या चिमुरड्यांत बसवणं अपमानच झाला असता, पण त्याच्यासाठी वेगळं प्रशिक्षण नीट झालं नाही तर चौथीच्या चाचणीत त्याचा कोरा पेपर शाळेच्या नावावर मोजला जातो. जूनमध्ये ज्या वर्गाला शिकवायला सुरुवात केली तोच वर्ग एप्रिलमध्ये पेपर देत नाही, आणि तरी आपण सरासरी काढून शाळा चांगली की वाईट ठरवतो.

मोजमापाचंही तसंच आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे एका वार्षिक परीक्षेऐवजी वर्षभर नोंदी आणि श्रेणी. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात पायाभूत (सुरुवातीच्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या) चाचण्या आल्या, २०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत आलं ज्यात तिसरीपर्यंत वाचता-लिहिता आणि साधं गणित यायलाच हवं असं उद्दिष्ट आहे. स्कॉलरशिपची परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ ला पाचवी-आठवीला गेली. मुलांना किती येतं ते देशभर तपासणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ ला झालं, डिसेंबर २०२४ मध्ये त्याच धर्तीचं परख सर्वेक्षण झालं, पण त्यांचे अहवाल जिल्ह्याच्या पातळीवर येतात, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, त्यात शिवाजीनगरची एखादी शाळा काही दिसत नाही. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' अहवालाचा तर मूळ सर्व्हेच ग्रामीण भागापुरता, आणि तो काढणाऱ्या प्रथम संस्थेचं काम १९९५ च्या सुमारास मुंबईच्याच वस्त्यांमधून सुरू झालं होतं.

परीक्षेचा ढाचा बदलला की आकडे किती उड्या मारतात याचं उदाहरण दहावीचं आहे. २०१९ ला शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढले, राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, २०२० ला ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला, मनपा शाळांचा निकाल तर त्याहून जास्त हलला. एका वर्षात मुलं एवढी बदलत नसतात.

पट हा शाळेच्या जिवाचा प्रश्न पण आहे, कारण ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते ठरतं, पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे १ शिक्षक. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरची बोगस मुलं उघडी पडली, तेव्हापासून पट या शब्दाचीच धास्ती आहे. पट कमी झाला की समायोजन, म्हणजे शिक्षक दुसरीकडे, वर्ग एकत्र, शेवटी शाळा बंद. मराठी माध्यमाला याचा फटका जास्त बसला.

पट टिकवायला पालिकेने बरंच केलंय. गणवेश, बूट, दप्तर, वह्या, छत्री असं धरून २७ वस्तू मोफत मिळतात. दुपारचं जेवण आहे, पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हा त्याचा निकष, आणि सकाळी चहा-पाववर आलेल्या मुलासाठी ती खिचडी हा अभ्यासाचाच भाग आहे. २०२० पासून मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सीबीएसई, आयसीएसईच्या शाळा सुरू झाल्या, जोगेश्वरीचं पूनम नगर आणि माटुंग्याची वूलन मिल शाळा या त्यातल्या पहिल्या, पुढे केंब्रिज आणि आयबी ही आंतरराष्ट्रीय बोर्डंही आली. तिथे प्रवेशासाठी लॉटरी काढावी लागली, म्हणजे मोफत शाळेला पालक नको म्हणतात हे खरं नाही, त्यांना इंग्रजी आणि शिस्त हवी आहे. पण या शाळांचे मार्क चांगले दिसले तर ते वाचताना जपून, कारण फॉर्म भरायची, चौकशी करायची धडपड ज्या आईबापांना जमते त्यांचीच मुलं तिथे जातात, आणि वर्षाच्या मध्यात साइटवरून आलेलं मूल शेजारच्या हिंदी शाळेतच बसतं. दोन्ही शाळांची तुलना करायची तर वर्षभर टिकलेली मुलं जूनमध्ये कुठे होती आणि एप्रिलमध्ये कुठे पोचली ते बघायला हवं, आणि मधेच आलेल्या मुलांची प्रगती वेगळी मोजायला हवी. अक्षरही न येणारं मूल वर्षात जोडाक्षरं वाचायला लागलं तर सरासरीत ते नापासच दिसतं, शिक्षकाने मात्र त्यासाठी प्रचंड काम केलेलं असतं.

सातवी-आठवीनंतर पालिकेच्या माध्यमिक शाळा कमी, आरटीईचं संरक्षणही आठवीपर्यंतच. मग दाखला काढून खासगी अनुदानित शाळा शोधायची, ती लांब असली की मुलींचं शिक्षण आधी थांबतं, उर्दू आणि तमिळ माध्यमात तर पुढचा पर्याय आणखीच कमी. चौथीत उत्तम वाचणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं याची नोंद मग तिच्या जुन्या शाळेकडे राहत नाही.