सिफनोस

सिफनोस : ग्रीसच्या सिक्लाडीझ द्वीपसमूहातील पश्चिमेकडचे बेट. क्षेत्रफळ सुमारे ७४ चौ. किमी. येथे विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून साध्या फेरीबोटीने साधारण पाच तासांत, जलद बोटीने त्याहून बऱ्याच लवकर कामारेस बंदरात पोहोचता येते.

आजच्या शांत बेटाकडे पाहून पटणार नाही, पण इ. स. पू. सहाव्या शतकात सोन्या-रुप्याच्या खाणींमुळे सिफनोसचे लोक बेटवासीयांत सर्वांत श्रीमंत होते, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस सांगतो. खाणींचे वार्षिक उत्पन्न ते आपसांत वाटून घेत. उत्पन्नाच्या दशांशातून (दहाव्या हिश्शातून) त्यांनी डेल्फाय या ग्रीक तीर्थस्थानी संगमरवरी कोषागार बांधले. पुढे सामोस बेटाच्या लोकांनी १० टॅलेंट (टॅलेंट हे वजनावर आधारलेले मोठे चलनमाप) उसने मागितले, ते नाकारले गेले; तेव्हा त्यांनी बेट लुटून १०० टॅलेंट वसूल केले.

आपोलोनिया हे मुख्य गाव बेटाच्या मध्यभागी टेकडीवर असून ते आर्तेमोनास गावाला जवळजवळ भिडलेले आहे. पाहण्याजोगे गाव मात्र पूर्व किनाऱ्यावरचे कास्त्रो. कड्यावरच्या या मध्ययुगीन वस्तीत कडेच्या घरांच्या पाठभिंती हीच तटबंदी. पोहण्यासाठी प्लातिस यालोस, वाथी आणि कामारेस येथील वाळूचे किनारे सोयीचे. फारोसजवळ क्रिसोपियी हा मठ समुद्रात घुसलेल्या खडकावर असून तेथे छोट्या पुलावरून जातात.

सिफनोसची खरी ओळख मातीत आहे. येथील कुंभारांची भांडी एजियन समुद्रातील बेटांवर सर्वत्र जात. घरांच्या धुराड्यांवरची नक्षीदार मातीची टोपणेही त्यांचीच. रेविथादा हा पदार्थ अशाच भांड्यात होतो: भिजवलेले काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र आणि पाणी, बस्स. शनिवारी संध्याकाळी झाकणबंद भांडे लाकडाच्या भट्टीत ठेवायचे आणि रविवारी चर्चची प्रार्थना आटोपली की काढायचे. रात्रभरात चणे लोण्यासारखे मऊ होतात. मसाल्याच्या छोल्यांवर वाढलेल्या माणसाला हे आधी बेचव वाटेल, पण लिंबू पिळून खाल्ल्यावर मत बदलण्याची शक्यता आहे. ईस्टरला मास्तेलो, म्हणजे वाइन व शेपू घालून भट्टीत शिजवलेले कोकराचे मांस, असते.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हे उत्तरेचे वारे जोरात वाहतात आणि बोटी कधीकधी रद्द होतात. परतीचे विमान अथेन्सहून असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. जुन्या पायवाटांनी गावोगाव हिंडायचे असेल तर मे किंवा सप्टेंबर बरा.