केनेडी हाफ डॉलर म्हणजे चांदीच? नाही

केनेडी हाफ डॉलर म्हणजे अध्यक्ष केनेडींचा चेहरा असलेलं अमेरिकेचं अर्ध्या डॉलरचं नाणं. ‘केनेडीचा हाफ डॉलर म्हणजे चांदी’ हा समज जुना आहे. चलनातल्या नाण्यांपैकी 90 टक्के चांदी फक्त 1964 च्या नाण्यात: वजन 12.5 ग्रॅम, चांदी 11.25. 1965 ते 1970 मध्ये 40 टक्के, 11.5 ग्रॅममध्ये जेमतेम 4.6. 1971 पासून चलनातलं नाणं तांबं-निकेलचं, 11.34 ग्रॅम. लोहचुंबक कुचकामी, तो यातल्या कशालाच चिकटत नाही. कड बघा: 1964 ची सलग पांढरी, तांबं-निकेलच्या कडेला लालसर रेघ ठळक.

खरं फसवतं ते 1776-1976 कोरलेलं नाणं. चांदीचं (40 टक्के) असेल तर केनेडींच्या मानेखाली ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण असतेच, पण ‘एस’ असलेलं प्रत्येक नाणं चांदीचं नसतं. वजनातला फरक जेमतेम 0.16 ग्रॅमचा, त्यामुळे काट्यावर विसंबू नका, इथेही कड बघा. आणि घासून चकचकीत करू नका, संग्राहक लगेच भाव पाडतात.