फायटर माशाची वीण: जोडीआधी खाऊची तयारी

दुकानातल्या छोट्या बाटलीत एकटाच ठेवलेला, लांब झुलत्या परांचा ‘फायटर’ मासा बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचे शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स असून, मध्य थायलंडमधील भातखाचरे, दलदली आणि संथ पाण्याचे पाट हे त्याचे मूळ ठिकाण आहे. थाई भाषेत त्याला ‘प्ला कात’, म्हणजे चावरा मासा, असे म्हणतात. १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. घरी या माशाची वीण घेणे अवघड आहे असा समज असला, तरी जोडी लावणे आणि अंडी मिळवणे हा त्यातला सोपा भाग आहे. बहुतेकांची पिल्ले जातात ती पोहू लागल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत, आणि तीही बहुधा उपासमारीने.

उथळ, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशाच्या कल्ल्यांजवळ घड्या-घड्यांचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक जादा अवयव असतो आणि त्याच्या आधाराने तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो. आपल्याकडच्या मरळीतही अशीच सोय असते, त्यामुळे ती पाण्याबाहेर काढल्यावरही बराच वेळ तग धरते. अंड्यांना मात्र ही सोय नसते. म्हणूनच नर तोंडातील चिकट स्रावाने मढवलेले बुडबुडे एकेक सोडून पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो, आणि अंडी हवेच्या अगदी लगत राहतात.

टाकी तीस-चाळीस लिटरची असावी, पण पाणी चार ते सहा इंचच ठेवावे आणि तळाला खडी घालू नये, कारण खाली पडलेले प्रत्येक अंडे नराला शोधून वर न्यायचे असते. तापमान २७-२८ अंश सेल्सिअस हवे. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटरला पर्याय नाही. थायलंडमध्ये पाण्यात देशी बदामाचे वाळलेले पान टाकतात. हे झाड मुंबईत आणि कोकणात जागोजागी दिसते, त्यामुळे विकतची पाने घेण्याचे कारण नाही. आपोआप गळून तपकिरी झालेले, फवारणीचा संशय नसलेले पान धुऊन वाळवून घ्यावे. त्यातील टॅनिनमुळे पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, आणि कुजत्या पानावर वाढणारे सूक्ष्मजीव पुढे पिल्लांच्या उपयोगी पडतात.

मादीला दिवसभर तळ कापलेल्या बाटलीत किंवा कंदिलाच्या काचेत ठेवून नराला नुसती दाखवावी. पोट भरलेले, अंगावर उभे पट्टे आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसला की ती तयार आहे असे समजावे. मोकळी सोडल्यावर थोडी पाठलाग-चावाचावी होतेच, म्हणून लपायला पाणवनस्पती हव्यात. मग घरट्याखाली नर आपले शरीर मादीभोवती वळवून तिला मिठी मारतो. मिठी सुटली की मादी काही क्षण बधिर होऊन तरंगत राहते, पांढरी अंडी साबुदाण्याच्या कणीसारखी खाली झरतात आणि नर ती तोंडात गोळा करून घरट्यात नेऊन चिकटवतो. हे काही तास चालते. ते थांबले की मादीला लगेच बाहेर काढावे, कारण आता नर तिला शत्रू मानतो.

एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. शेपटी खाली करून लटकणारी पिल्ले पोटातील पिवळ्या बलकावर जगतात, आणि जी सुटून खाली पडतात त्यांना नर पुन्हा वर आणतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती आडवी पोहू लागतात. तेव्हा नरालाही काढावे.

खरी अडचण इथून सुरू होते. पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचे असते, त्यामुळे कितीही बारीक केलेले कोरडे खाद्य त्याच्या उपयोगाचे नसते; शिवाय हलणाऱ्या भक्ष्याकडेच ते झेपावते. पहिला खाऊ म्हणजे इन्फुसोरिया, अर्थात पाण्यातले सूक्ष्मजीव. टाकीतल्या जुन्या पाण्यात कोबीचे पान किंवा केळीच्या सालीचा तुकडा टाकून बरणी उजेडात ठेवली की पाणी आधी गढूळ होते, वास मारते आणि काही दिवसांनी निवळू लागते. उजेडासमोर धरल्यावर हलणारी धूळ दिसली की खाऊ तयार झाला. याला आठवडा लागू शकतो, म्हणून बरणी जोडी लावण्याआधी भरायची. पहिल्या खेपेला मी बरणी अंडी दिसल्यावर भरली, आणि पाणी निवळेपर्यंत टाकी रिकामी झाली होती.

चार-पाच दिवसांनी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची, ताजी पिल्ले द्यावीत. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ घालून, त्यात आर्टेमियाची अंडी टाकून, हवेचा पंप लावून साधारण चोवीस तास ठेवले की ती बाहेर पडतात. टरफले वेगळी करून आणि मीठ धुऊनच ती टाकीत सोडावीत. थोड्याच वेळात पारदर्शक पिल्लांची पोटे नारिंगी दिसू लागतात; जेवण झाल्याची याहून स्पष्ट खूण नाही. उरलेला खाऊ मात्र मरून कुजतो आणि अमोनिया वाढवतो. तो रोज बारीक नळीने तळातून ओढून घ्यावा, आणि तितकेच, त्याच तापमानाचे पाणी थेंबाथेंबाने भरावे.

हवेतून श्वास घेण्याचा अवयव पिल्लांना जन्मतः नसतो. तो पुढच्या काही आठवड्यांत घडतो. त्या काळात पाण्यावरची हवा उबदार, दमट राहावी म्हणून टाकीवर झाकण ठेवतात.

दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांवर पर फुलवू लागतात आणि मग प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. एका विणीतून दीडशे पिल्ले जगली आणि त्यांतले निम्मे नर धरले, तर सत्तरेक बरण्या आणि सत्तरेक बरण्यांचे पाणी बदलणे आले. थायलंडमधील मासे पाळणारे बाटल्यांच्या रांगा लावून मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे सरकवतात, म्हणजे शेजारी दिसत नाही आणि मासे दिवसभर पर फुलवून दमत नाहीत.